शून्य गुणांचा पाटकरी

मंडळी, एक सांगा मला. ज्याच्या कामामुळे काही बिघडतच नाही, त्याच्या कामाचं मोल करायचं कसं? डोकं खाजवू नका, ऐका!

लहानू गायकर नावाचा सरकारी पाटकरी. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी शेताशेताला पोचवणारा. हा गडी पहाटे फावडं घेऊन निघायचा, खेकड्यांनी पाटाच्या भरावात पाडलेली बिळं चिखलानं बुजवायचा. अगदी टोकाच्या शेतालाही वेळेवर पाणी. तक्रार म्हणून एक नाही.

अन् निघाला नवा नियम — काम तसा पगार! उत्तम. कामचुकाराला चाप बसलाच पाहिजे. हसू नका हो मागचे, तुमचं नाव नाही घेतलं मी! पण काम मोजायचं कशानं? तर निवारलेल्या तक्रारींनी. शेजारचा पाटकरी उठायचा नऊला. पाट फुटायचा, लोक बोंबलायचे, मग हा बुजवायचा. चाळीस तक्रारी, चाळीस गुण, पगारवाढ! आणि आमचा लहानू? शून्य. पुढच्या साली पुन्हा शून्य आलं, तर पाटावरून उचलून गोदामात टाकणार होते त्याला.

बायको म्हणाली, "अहो, एखादं बीळ राहू द्या की. फुटेल, ओरड होईल, मग बुजवा. तुमच्या चांगुलपणाला विचारतंय कोण?"

दुसऱ्या दिवशी लहानू बिळापुढे उभा. मन डळमळलं हो! दहा पावलं पुढे गेलासुद्धा. तेवढ्यात दिसली टोकाच्या शेतातली म्हातारी तान्हूबाई — वाफे करून पाण्याची वाट बघत बसलेली. लाजला बिचारा. मागे फिरला, बीळ बुजवलं.

पाणी घेऊन तिच्या बांधावर गेला नि म्हणाला, "मावशी, पुढच्या सालानंतर या पाटावर मी नसेन." का ते सगळं सांगितलं.

तान्हूबाई गप्प बसणारी नव्हे! पंधरा शेतकरी घेऊन थेट कालव्याच्या निकुंभ साहेबांच्या हापिसात.

साहेब म्हणाले, "तक्रार असेल तर लेखी द्या."

दिली की! 'आमच्या पाटकऱ्याविरुद्ध आमची कधीच तक्रार नाही, तरी त्याला शून्य मिळालं, हीच आमची तक्रार.'

वर म्हणते कशी, "साहेब, ही निवारायची तुम्ही. गुण तुम्हालाच मिळतील."

साहेब हसले. मग कागद पुन्हा वाचला, आणि हसू थांबलं. त्यांनी वरच्या कचेरीला लिहिलं, पाठपुरावा केला. पुढच्या साली गुणांच्या तक्त्यात नवा रकाना आला — टोकाच्या शेताला पाणी वेळेवर पोचलं का? आणि तो भरायचा शेतकऱ्यानं! लहानूला पगारवाढ मिळाली, आणि पाटही त्याच्याचकडे राहिला.

आता तुमच्याकडे येतो. सगळे अनवाणी आलात. कुणाच्या पायात काटा रुतला? नाही ना? मग सकाळी हा मंडप झाडला कुणी, नाव सांगा बरं.

— गप्प का झालात? विचारून या. आधी त्याचं नाव घेऊ, मग देवाचं.