पोरींचा एरिया

न्हाई, न्हाई सारजे, चांगलं हाय म्हनून तुला कुनी सांगितलं? अंकितानं? फोनवर? — आन् तुज्या मोनिकाला म्हनली, आमच्यासंगं ऱ्हायला ये, तिसरी कॉट मोकळीच हाय? — बरं. — न्हाई, मला काय बोलली न्हाई ती, पन कामाच्या गडबडीत ऱ्हाऊन गेलं आसंल. बस की, उभी का? शेंगा फोडता फोडता बोलू. इचारायला आलीस ते ब्येस केलंस, कारन कल्याणीनगर म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय, आन् खरं सांगू का, किळस आली मला. आजूनबी नाव काढलं की तोंड कडू हुतंय. आपन हितं कुरकुंभच्या कंपन्यांचा वास खातोय रोज, वारं फिरलं की डोकं उठतं, पन त्यो वास तरी कसला ते कळतंय. तिथं समदं गुळगुळीत, समदं गोड, आन् आतनं — जाऊ दे.

जाऊ दे कसं, सांगते की. तुज्या पोरीचा सवाल हाय.

आता, आदी ही खोली घ्यायची येळ का आली? अंकिताला आन् शिरीनला एकाच दिशी नोकरी लागली न्हवं का — शिरीन म्हंजी दौंडच्या चांदबीची पोरगी, बेकरी हाय बघ त्यांची टेसनाच्या बाजूला, दोघी कॉलेजला एका बाकावर बसायच्या. ते कॉलसेंटर म्हंत्यात ते. रात्रपाळी, फोनवर इंग्लिशमधी बोलायचं, परदेशातली लोकं शिव्या दित्यात आन् पोरींनी थँक्यू म्हनायचं. म्हैनाभर केडगाववरनं शटल रेल्वेनं येऊन-जाऊन केलं. पोरगी निम्मी झाली. मग म्हनली, आई, पुन्यात खोली करावी लागंल. ह्यांनी ऐकलं आन् सरळ सांगितलं — आई संगं ऱ्हाईल तर खोली, न्हाईतर नोकरी सोड. तुला तर म्हाईत हाय ह्यांचा सोभाव. आन् त्यांचंबी चुकलं न्हवतं, कॉलेजच्या वक्ताला होस्टेलवर ऱ्हाऊन कावीळ करून आली हुती ती, डोळं हळदीवानी पिवळं, म्या ससूनला तेरा दिस उशापायथ्याला बसून काढलं. मी म्हनलं, जाते की चार म्हैनं, पोरींचं बस्तान बसंपतुर. माजं काय हितं खुटलंय. शेळ्या जावंच्या सवादीन केल्या. चांदबीनंबी निरोप धाडला — गिताबाई, माज्या पोरीकडं तूच बघ, तुज्या भरवशावर सोडतीय. म्हंजी एक आई आन् दोन पोरी, आसं ठरलं हुतं. तिसरी कॉट — व्हय, तीच.

मग खोली बघायला गेलो तिघी. म्या म्हनलं हडपसर बघा. गाडीतळाला उतरलं की झालं, मंडई हाय, पिठाची गिरन हाय, आपल्याकडची चार मान्सं हायत, सोलापूर रोडची कुठलीबी गाडी धरली की तासाभरात घरी. एक खोली बघितलीबी, म्होरं पडवी, कडंला कढीपत्त्याचं झाड. मला तर तवाच आवडली. पन अंकिता म्हनली, "आई, एरिया बघायचा असतो." एरिया म्हंजी काय गं? — तर म्हनली, हापिसात इचारत्यात, कुठं ऱ्हातीस म्हनून. हडपसर म्हनलं की तोंड वाकडं करत्यात. आता बघ, सारजे — झोपायचं चार भिंतीच्या आत, खायाचं चुलीम्होरं, आन् नाव मातर दुसऱ्यानं इचारल्यावर ब्येस वाटाय पायजे. आसलं घर घेत्यात का? पन घेत्यात. आता घेत्यात.

तर गेलो कोरेगाव पार्कला. झाडं मोठी, ते खोटं बोलनार न्हाई, वडाच्या पारंब्या पार रस्त्यावर आलेल्या. पन त्या झाडाखाली काय — गोरी लोकं तांबडं झगं घालून फिरत्यात, गळ्यात गळं. कुत्र्याचं न्हाव्याचं दुकान, खोटं वाटंल तुला, काचंच्या आत कुत्रं टेबलावर उभं आन् बाई त्याची नखं कापतीय. पोरी मला हाटेलात घिऊन गेल्या, कॉफी प्यायला. एवढाल्या मगात, वरनं फेस, फेसावर पान काढलेलं, आन् घोट घितला तर काढा. थुकावं म्हनलं तर थुकायला जागा न्हाई. शेजारच्या टेबलावर पोरगी शिग्रेट वढतीय, आन् समोर बसल्याला बाप का मामा कोन हुता, त्योच पेटवून देतोय. म्या पदर नाकाला लावला तर अंकिता हळूच म्हनली, आई, पदर काढ, लोक बघत्यात. म्हंजी त्यांचा धूर कुनी बघायचा न्हाई, माजा पदर बघायचा.

एजंटानं फ्लॅट दावला. मालक बनियनवर, देवघरात उदबत्ती लावलेली. गोड बोलला, पानी दिलं, पोरींची नावं इचारली. अंकिता बोलली तवर ठीक. शिरीननं नाव सांगितलं आन् त्याला एकदम आठवलं, फ्लॅट तर सकाळीच दुसऱ्याला दिलाय. सकाळीच! मग आमाला चार मजलं चढवलं कशापायी? म्या बोलनार हुते, पन शिरीन म्हनली, "चालेल अंकल," आन् चपला घालाय लागली. जिना उतरताना म्या म्हनलं, चला गं, हडपसरलाच जाऊ. तर ती पोरगी म्हनती, "काकू, तिकडंबी असंच असतं. फक्त तिकडं तोंडावर सांगतात." एवढुशी पोर, आन् सवय झाल्यावानी बोलली. आपल्या आळीत तरी — जाऊ दे, त्यो इषय येगळा.

मग कल्याणीनगर. बंगला हुता, वरचा मजला भाड्यानं द्यायचा. मालकीन एकटीच, नवरा वारलेला, लेक अमेरिकंला. बारीक केस कापल्याली, कानात मोती, बोलनं लई मऊ. शिरीनचं नाव ऐकून हासली, म्हनली, मी तसलं काही मानत नाही. मला एवढं बरं वाटलं सारजे, म्या मनातनं हात जोडलं तिला. मला मावशी म्हनली. तवा मला कौतिक वाटलं. पुन्यात मावशी कुनाला म्हंत्यात ते मागनं कळलं — भांडीवालीला. पन खोली बघशील तर शिसारी यील तुला. संडास म्हंजी झोपायच्या खोलीतच, दार उघडलं की कॉट. सैपाकाचा कट्टा एवढासा, त्यावर भाकरी कुठं थापायची? तर ती म्हनती, मावशी, इथं भाकरी नको, थापल्याचा आवाज खाली येतो. कपडं ग्यालरीत वाळत टाकायचं न्हाईत, बाहेरनं बरं दिसत न्हाई. कुरडया-पापड गच्चीवर घालायचं न्हाईत. म्या मान हालवली समद्याला. म्हनलं, पोरींसाठी चार म्हैनं चपात्या लाटू, कपडं आत वाळवू. मानूस करतंच की.

मग तिनं कागद काढला. इंग्लिश. पोरींच्या घरच्यांची सही पायजे म्हनली. म्या अंकिताला म्हनलं, वाच. तिनं वरनं खाली नजर फिरवली आन् म्हनली, काय न्हाई गं, गोंगाट करायचा न्हाई, मुलं आनायची न्हाईत, एवढंच. म्या सही केली. बचत गटात शिकल्याली सही, वेलांटीसकट, जरा वळनदारच केली. चांदबीच्या वतीनं शिरीनच्या मामानं केली नंतर जाऊन.

— न्हाई, सांगते की. घाई का करतीस?

पंधरा दिसांनी गेले सामान घिऊन. बाजरीचं पीठ, तवा, काठवट, दोन लुगडी, गोधडी. ह्यांनीच केडगावला शटलमधी बसवून दिलं. म्हनलं, पोरीला वरनभात खाऊ घाल, हाडं दिसाय लागल्यात. बंगल्याच्या गेटावर वाचमन म्हनतो, माताजी, पीछे के गेट से. म्या मागनं गेले, काय बिघडलं? वर चढनार, तर मालकीन आली. गोधडीकडं बघितलं तिनं. म्हनली, मावशी, मुक्काम? म्या म्हनलं व्हय, आता चार म्हैनं हितंच. तर आत गेली आन् त्यो कागद घिऊन आली. "मावशी, तुम्हीच लिहून दिलंय. मुलींचे आईवडील, नातेवाईक, कोणी मुक्कामाला राहणार नाही. मला फॅमिली नको, फक्त वर्किंग गर्ल्स." आन् बोट ठिवलं सहीवर. माजीच सही. मी कुठं न्हाई म्हनतीय?

तवर पोरी वरनं खाली आल्या हुत्या. म्या अंकिताकडं बघितलं. ती फरशीकडं बघत हुती. म्हंजी — आता काय सांगू तुला. काविळीत डोळं झाकून पडल्याली बघितलीय म्या तिला, तापात बरळताना बघितलीय, पन ते तोंड कवा बघितलं न्हवतं. शिरीन आली, माज्या हातातलं गाठोडं घितलं, मालकिनीला म्हनली, आंटी, आठवडाभर तरी राहू द्या, मी बाहेर हॉलमधी झोपते. म्या गाठोडं वढून घितलं. म्हनलं, न्हाई वो बाई, मी कुठं ऱ्हायला आले, पीठ द्यायला आल्ते, चारच्या शटलनं माघारी जायाचंय.

माजं मामंजी मेंढरं घिऊन कोकनात जायचं, तुला आठवत्यात न्हवं? आठ-आठ म्हैनं. रोज नवं रान, नवा गाव. लोकं बोलवून न्हेयाची त्यांला — आमच्या रानात वाडा बसवा, लेंड्या पडू द्या, पीक चांगलं यील. वरनं धान्य द्यायची. आख्ख्या जल्मात कुनी इचारलं न्हाई की मुक्कामाला किती दिस. आन् त्यांची सून लेकीच्या दारात पीठ ठिवून माघारी फिरली. त्यांच्या पाठीवर घोंगडं, माज्या पाठीवर गोधडी, एवढाच फरक.

गेटापतुर अंकिता आली. कडी काढली तिनं. मग म्हनली, "आई, मला वाटलं, तुला इथं आवडणारच नाही."

म्या म्हनलं, "न्हाईच आवडलं."

बास. येवढंच झालं बोलनं. ती रिक्षा बघते म्हनली, म्या म्हनलं चालत जाते, एरिया तरी बघते तुजा. तवा आन् काठवट दोन्ही माघारी आनलं, पीठ तिथंच ठिवलं. शिरीननं त्याच्या भाकरी केल्या म्हनं, कट्ट्यावर जाड फडकं हातरून, आवाज होऊ न्हाई म्हनून. अंकितानं न्हाई सांगितलं, चांदबीनं सांगितलं.

घरी आले तर हे गोठ्यात. म्हनलं का आलीस? म्या काय सांगायचं? खरं सांगितलं आसतं तर दुसऱ्या दिशी जाऊन पोरीचं दंड धरून आनलं आसतं, नोकरी गेली आसती, वर चांदबीची पोरगी एकटी पडली आसती. म्या म्हनलं, किळस आली मला तिथं. संडास कॉटंजवळ, कुत्र्याची नखं कापत्यात, मला न्हाई ऱ्हाववत. तवा लई बोललं मला. पोरीसाठी चार म्हैनं कळ काढवंना तुला, म्हनलं, आपल्या सोईचं बघितलंस. आठ दिस जेवताना बोललं न्हाईत. ऐकून घितलं. तवापासनं जे कोन इचारंल त्याला हेच सांगते, शेजारच्या वच्छलाबाईला सांगितलं, किराना दुकानात सांगितलं, तुलाबी मगा तेच सांगाय लागले हुते. आन् खोटं न्हाई गं ते. घान हायेच तिथं. मी काय कॉफीचं खोटं सांगितलं का? कुत्र्याचं खोटं सांगितलं का?

आशी नको बघू माज्याकडं. आन् हे कुठं बोलू नको, तुज्या मालकांपाशीबी न्हाई. त्यांनी ह्यांला सांगितलं तर माजी पोर माघारी यील.

व्हय, येती ना. सनाला येती. मागं दिवाळीला आली, मला साडी आनली, रंगबी चांगला आनला. रातच्याला शेजारी झोपली, म्या पांघरून घातलं. म्हनली, आई, तू ये ना एकदा, दिवसभर फिरू, संध्याकाळी मी सोडते स्टेशनला. संध्याकाळी सोडते. म्या म्हनलं, बघू.

मोनिकाला? पाठव की. न्हाई का म्हनू मी? कॉट काय रिकामीच पडलीय, कायमची माज्या नावावर केल्याली हाय का? नोकरी चांगली हाय, शिरीन संगं हाय, अंकिताबी — अंकिताबी वाईट न्हाई गं. जीव लावंल तुज्या पोरीला. आजारी पडली तर बघंल. ते तिला कळतंय.

फकस्त एक कर. तुलाबी कागद दितील, मऊ बोलून, मावशी म्हनून. सही करायची तर कर, तुजी मर्जी. पन आदी वाचून घी. ग्रामपंचायतीत न्हे, साळंतल्या मास्तरांकडं न्हे, कुनाकडनंबी वाचून घी. मोनिकाकडनं नको.

— का म्हंजी?

जा बाई तू आता. मला कामं हायत.