आईनं ठेवलेलं नाव

ताई : उद्याच्या तपासणीत साहेब तुला एवढंच विचारतील, आमच्या निवाऱ्यात होतीस तेव्हा बरी होतीस ना? तू हो म्हण. निवाऱ्याची परवानगी टिकेल.

मावशी : उभ्या का? बसा की पलंगावर. आमचा धंदा अंगाला चिकटत नाही.

लवंगी : राहू दे मावशी. ताई, पोलिसांच्या गाडीत घातलंत तेव्हा मी काय म्हणाले होते?

ताई : नको म्हणालीस. सुटका करताना सगळ्याच म्हणतात. पण बाईच्या शरीराचा बाजार हा अन्यायच, हे मी आजही म्हणेन.

लवंगी : म्हणा. त्या अन्यायावर मी तुमच्याहून जास्त बोलेन. पण बाहेरून कुलूप गिऱ्हाइकानं नव्हतं लावलं, तुम्ही लावलंत. आणि दारातच माझं नाव काढून घेतलंत.

ताई : नवं नाव, नवी सुरुवात. सगळ्याजणींना देतो.

लवंगी : आई शेवटच्या घटका मोजत होती. बहिणीनं निवाऱ्यात फोन केला, आईनं ठेवलेलं नाव सांगितलं. तुमच्या ऑफिसातून उत्तर मिळालं, या नावाची कुणी नाही.

ताई : ऑफिसातल्यांना नवीच नावं ठाऊक. मुद्दाम कुणी केलं नाही गं.

मावशी : मुद्दाम केलं असतं तर शिव्या घालायला तरी सोपं गेलं असतं.

लवंगी : बहिणीला वाटतं, मीच तोंड लपवलं. माझा फोन उचलत नाही ती. हा नंबर. लावा, आणि झालं ते सांगा.

ताई : मग उद्या बरं बोलशील?

लवंगी : उद्या कुलपाचं सांगणार. तिथून सुटलेल्या बाकीच्याही येताहेत.

ताई : मग मी फोन का करू?

लवंगी : नका करू. तेही उद्या सांगेन.

(ताई फोन लावतात.)

ताई : हॅलो. मी निवाऱ्यातून बोलतेय. तुमच्या आई आजारी होत्या, तेव्हा तुम्ही इथं फोन केला होतात. तुमची बहीण इथंच होती. पलीकडे भांडी घासत होती. चूक आमची... हो, तीच... एक मिनिट हं.

लवंगी : काय म्हणतेय?

ताई : खोटं वाटतंय तिला. कुठली बहीण, नाव सांगा म्हणतेय. तुझं खरं नाव काय गं?

लवंगी : आधी तिला सांगा, तुम्हाला ठाऊक नाही.