किल्ली बुटातच होती

...आणि वर सगळे मलाच विचारणार, "अहो, पण तुम्हाला कळलं कसं नाही?" आता कळलं असतं तर मी असा पायाच्या नऊ बोटांवर तुमच्यासमोर उभा राहिलो असतो का? नाही, तुम्हीच सांगा!

तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षं बुटांच्या दुकानात काढली मी. सव्वीस वर्षं लोकांच्या पायाशी बसून एकच प्रश्न, "कुठे चावतो का साहेब? जरा चालून बघा ना ताई!" नुसती कपाळावरची आठी बघून सांगायचो, डावा घट्ट होतोय! आणि माझ्या स्वतःच्या बुटात दोन दिवस शोकेसची किल्ली. चपटी, दातेवाली. कळलंच नाही हो!

झालं काय, शिडीवर चढायचं म्हणून बूट काढून खाली ठेवले, वरच्या फळीवरचा खोका ओढायला बाजूला वाकलो, तेव्हा खिशातून पडली असणार, थेट बुटात... आणि मी उतरलो, बूट चढवले आणि लागलो किल्ली शोधायला! त्याच बुटांनिशी! काउंटरखाली शोधली, खोके उपसले, आणि शेवटी आमचा गोदामवाला आहे ना, त्याला सगळ्यांसमोर म्हणालो, "तूच टाकलीस कुठेतरी!" मालक त्याला असे बोलले, असे बोलले... तो मान खाली घालून उभा, आणि मी शेजारी उभा. किल्लीवर!

पहिल्या संध्याकाळी बूट काढले, तर किल्ली आत बोटांपाशी अडकून राहिली. आणि स्वतःचा तळवा कोण बघतो हो? दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "मोज्याला हे लाल काय?" म्हटलं, "रंग गेला असेल." मोजा पांढरा! तिनं बूट उलटा केला, तर टण्णकन किल्ली! "चला, सापडली एकदाची," म्हणालो मी. ती मटकन खालीच बसली.

करंगळीखाली हे एवढं भोक. दुखतंय का? नाही. मग काय, पट्टी बांधली आणि चार दिवस दुकानात गेलो. पाचव्या दिवशी ताप, करंगळी काळी. हॉस्पिटल.

"साखर चारशे बारा!" डॉक्टर म्हणाले. "नऊ वर्षं मधुमेह आहे ना? गोळ्या घेता?"

"घेतो की. आठवण झाली की."

बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की... जाऊ द्या. मग डॉक्टरांनी एक बारीक नायलॉनचा दोरा काढला. "डोळे मिटा. पायाला लागल्याचं कळलं की 'हो' म्हणा." मिटले. वाट बघतोय, बघतोय... म्हटलं, "डॉक्टर, करा की सुरू!" ते म्हणाले, "झालं करून." साखरेनं पायाच्या नसा गेल्यात म्हणे. कधी गेल्या? कळलंच नाही हो!

करंगळी काढायची ठरली. बायको रडली. मी विचारलं, "उद्या किती वाजता?" खरंच, एवढंच सुचलं.

आणि त्यातही घोळ! सकाळी इन्सुलिन टोचलं, ऑपरेशन आहे म्हणून उपाशी ठेवलं, आणि ऑपरेशन ढकललं पुढे. जेवण द्यायचं राहूनच गेलं. मला दरदरून घाम, हात थरथर, समोरच्या सिस्टर एकीच्या दोन दिसायला लागल्या. "अहो, साखर अठ्ठेचाळीसवर आली!" त्या धावल्या. घरी चहात अर्धा चमचा साखर मागितली की बायको बरणी उचलून पळायची, आणि इथे सिस्टर तोंडात साखर कोंबतायत, "गिळा! गिळा आधी!" बायको दाराशी हात जोडून म्हणतेय, "घ्या हो, अजून घ्या!"

दुसऱ्या दिवशी करंगळी गेली. पाय वाचला म्हणाले. बरं, म्हटलं.

गोदामवाला भेटायला आला. स्टुलावर बसला, म्हणाला, "तुम्ही काउंटरवर ठेवलीत ना, ती किल्ली धुऊन कुलपाला लावली. उघडतं नीट." मी म्हटलं, "माफ कर रे, सगळ्यांसमोर बोललो तुला." तो म्हणाला, "राहू द्या आता. पाय उशीवर घ्या, लोंबकळतोय." वाटलं, आत काहीतरी हलेल, डोळ्यांत पाणी येईल... काही नाही. म्हटलं, हेही गेलं का आता? डॉक्टरांचा दोरा तिथवर पोचत नाही ना!

आता घरी आहे. वेळेवर गोळ्या, वेळेवर टोचणं. आणि रोज संध्याकाळी बायको माझा पाय मांडीवर घेऊन बसते, कुठे कापलंय का, फोड आलाय का बघते, बोटाबोटांतून क्रीम चोळते, हळूहळू, मन लावून. लग्नाला एकतीस वर्षं झाली, तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा ही बाई माझ्या पायावरून इतक्या मायेनं हात फिरवतेय... आणि तो हात आत्ता कुठवर आलाय, हे मला चष्मा लावून बघावं लागतं!