पार्टिशनच्या पलीकडचं लिनक्स

तिनं न्हाई हो मावशी, मी केलतं ते कार्ड. तुमच्या पुतणीचंच म्हणताव ना — वरी श्री खंडोबा प्रसन्न, खाली मोराची जोडी, निळ्या शाईतलं? मीच केलतं, ह्याच खुर्चीवर बसून. ती पोरगी तुमी आल्या तवा नुसती दारात उभी असंल, 'या मावशी, बसा' म्हणली असंल — गोड बोलायची लई, ते खरं हाय — म्हणून तुमच्या ध्यानात तीच राह्यली. राहू द्या. सगळ्यांच्याच ध्यानात तीच राहती. बसा, उठू नका. लाईट येईलच इतक्यात. बॅटरीचं ते खोकडं कवाच मेलंय, टुकटुक करतंय अन् गप होतंय. लाईट आली की तुमच्या लेकाचं कार्ड पडद्यावर दाखवते, नावं एकदा नीट ऐकून घ्या, मग छापायला टाकू. एखाद्या मामाचं नाव राह्यलं की भर मांडवात रुसून बसतेत लोकं, अन् बोल मला.

कोण होती म्हंजे? करिष्मा. सिरसाळ्याची. आई-बाप दरसाली ऊस तोडायला जातेत, ही हॉस्टेलात राहून शिकली, औरंगाबादला कॉम्प्युटरची डिग्री केली. हुशार होती, कष्टाची होती, मी न्हाई कावून म्हणू? इथं गेवराईत तिची मावशी राहती, म्हणून आमच्या क्लासात शिकवायला आली. आमच्या ह्यांचा क्लास — हे काय, ह्या प्लायवूडच्या पलीकडं. अलीकडं माझं कार्डाचं दुकान, पलीकडं ह्यांचा क्लास, मधी हे पार्टिशन. सासरे किराणा इकायचे, ह्यांनी टायपिंगचा क्लास काढला, मग जो तो कॉम्प्युटर कॉम्प्युटर करायला लागला तवा टायपरायटर गेले माळ्यावर अन् मशिनी आल्या. मला बघायला आलते ना, तवा सासूबाईंनी इचारलं, भाकरी येती का, अन् ह्यांनी इचारलं, टायपिंग येतंय का. मी म्हणलं, येतंय. तर माझ्या बोटांकडं बघत राह्यले. तोंडाकडं न्हाई बरं का मावशी, बोटांकडं! घरी बाया हसल्या, मला मात्र तेच लई आवडलतं. लग्न झाल्यावर ह्यांनीच शिकवलं मला कॉम्प्युटर. माऊस हातात धरता येईना, तो बाण पळायचा पडद्याभर, तर माझ्या हातावर हात ठेवून फिरवायचे. विंडोजमधी एक पत्त्याचा खेळ असतो, तो खेळायला लावायचे — म्हणायचे, ह्यानं हात बसतो. माझा हात कवाच बसला होता. मी सांगितलं न्हाई.

तर ही करिष्मा आली. अन् तवाच काय झालं, क्लासातल्या मशिनींना व्हायरस लागला. पोरं कुठून कुठून फ्लॉप्या आणायचे खेळाच्या, त्यातून आला. हे विंडोज टाकायचे, परत व्हायरस, परत विंडोज — बेजार झालते. तवा ही म्हणली, 'सर, विंडोजच्या जागी लिनक्स टाकून बघू या. फुकट असतं, अन् असले व्हायरस त्याला लागत न्हाईत.' मासिकाच्या संगं आलेली सीडी होती तिच्याकडं. हे म्हणले, लिनक्स म्हंजे काय? खरं सांगते मावशी, ह्यांना ओ का ठो माहीत नव्हतं. मी इथून ऐकत होते ना. प्लायवूडनं काय अडतंय? सगळं ऐकू येतंय. म्हंजे मी कान लावून बसत नव्हते — मला माझं काम असतं — पण ऐकू आलं तर काय कानात बोळे घालावेत?

अन् मग सुरू झालं बघा. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. चित्र न्हाई, काय न्हाई. माऊस असला तरी लागत न्हाई, सगळं टायपिंग करून सांगायचं मशिनीला. पोरं गेली की ही दोघं बसायची. 'सर, एल एस म्हणा.' 'म्हणलं.' 'आता सी डी.' 'बरं, सी डी.' असं. मशिनीला हुकूम सोडायची भाषाच ती. मी म्हणलं, असू द्या, कामाचं हाय. चहा घेऊन गेले एकदा — मला वाटलतं, मी गेले की बोलणं थांबंल. थांबलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. थांबलंच न्हाई! मी कप ठेवले, उचलले, तरी चालूच. मला त्यातलं काय कळतंय, मग थांबायची गरजच काय? खुर्चीवर बसलेल्या मांजरापुढं कुणी बोलायचं थांबतंय का? तसं. त्या दिवशी मावशी, घरी आल्यावर मी धपाटे केले अन् सगळे करपवले. हे काय म्हणले माहीत हाय? म्हणले, 'ईश्वरी, त्या पोरीचा हात किती चालतो गं कीबोर्डवर. बोटं बघत राहावं.' — बोटं. जेवता जेवता.

न्हाई न्हाई, तसलं काय नव्हतं. तुमी भलतं समजू नका. ह्यांनी कधी वंगाळ शब्द काढला न्हाई, अन् ती तर अंतर राखून बसायची, मी बघितलंय. मी बघत होते ना. ह्या फटीतून दिसतंय थोडं.

तर मी ठरवलं, आपणबी शिकायचं. काय अवघड असंल? माणसानंच केलं असंल ना ते? हे बीडला गेलते शाई आणायला, अन् ती यायची होती अजून. मी ती सीडी काढली ड्रॉवरमधून अन् माझ्या ह्या मशिनीत घातली. ह्याच. ते इंग्रजीत इचारत गेलं, मी हो म्हणत गेले. बारावीला इंग्रजी होतं मला, पण असलं नव्हतं. एका जागी म्हणलं, आतल्या जागेचं पार्टिशन करायचं का. मी म्हणलं, आमच्यात तर हायच पार्टिशन! हसू आलं मला, एकटीलाच. अन् मी हो म्हणलं. मावशी, समदं गेलं. विंडोज गेलं, अन् त्याच्या संगं माझी सगळी कार्डं — लग्नाची, मुंजीची, बारशाची, वास्तूची. तुमच्या पुतणीचे ते मोर, ते मी एकेक पीस करून काढलते, तेबी गेले. पडद्यावर नुसती एक पांढरी खूण लुकलुकायलीय, अन् मी बसलेय त्याच्याकडं बघत. मी रडले तर रडले, पण मला भ्या कशाचं होतं सांगू? कार्डाचं न्हाई. हे येतील, अन् तिच्यासमोर म्हणतील — तुला कुणी सांगितलतं हात लावायला, तुला काय कळतंय त्यातलं.

तेवढ्यात तीच आली. तिनं पडदा बघितला, मला बघितलं. म्हणली, 'वैनी, पदरानं डोळे पुसा. सरांना काय सांगायचं न्हाई.' खुर्ची ओढून बसली अन् ह्या मशिनीत दोन्ही बसवून दिलं — विंडोजबी, लिनक्सबी. कार्डं काय परत आली न्हाईत. ती मी पुन्हा काढली सगळी. ह्यांना आजवर माहीत न्हाई... मला लई राग आला तिचा. न्हाई, ऐका तर — तिनं मला हिणवलं असतं ना, तर मला सोपं गेलं असतं.

आली! आली बघा लाईट. थांबा, उठायला येळ लागतो ह्याला. बंद पडलं अचानक की उठल्यावर सगळं घर तपासतंय, कुठं काय सांडलंय का. भ्यायचं न्हाई, काळंच असतंय ते. आता इचारतंय बघा, लिनक्स का विंडोज. कार्डाला विंडोजच लागतंय, मराठी अक्षरं तिकडंच हायेत माझी. पण आदी मी लिनक्स उघडते, सवय हाय — हे बघा. मी म्हणलं, कोण हाय मी, तर त्यानं सांगितलं, ईश्वरी. माझं नाव हाय त्याच्यात. माझं एकटीचं.

शिकवलं ना, तिनंच शिकवलं मला. हे गावात गेले की. मी इचारायची, ती सांगायची, जे समजंना ते ह्याच्यातच वाचायला असतंय, डिक्शनरी घेऊन बसायची मी. एक दिवस ती म्हणली, 'वैनी, तुमी सरांपेक्षा लवकर शिकायल्या. सरांना तेच तेच रोज नव्यानं सांगावं लागतंय.' मी हसले. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! घरी जाईपर्यंत बरं वाटत होतं. मग भाकरी थापता थापता हात थांबला. हे म्हंजे टायपिंगचं अख्खं पुस्तक रात्रीत पाठ केलेला माणूस. तालुक्यात पहिला कॉम्प्युटर ह्यांनी स्वतःच्या हातानं जोडला. ह्यांना तेच तेच कावून सांगावं लागतंय रोज?

मी एक केलं. क्लासातल्या पोरांची नावं अन् मार्क लावून ठेवायचे होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, हे दरखेपी कागद पसरून बसतेत. मी म्हणलं, द्या इकडं. नावं टाईप केली, अन् एक ओळ लिहिली, एकच, अन् एंटर मारलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळी पोरं रांगेत उभी! मी वळून बघितलं ह्यांच्याकडं. आता म्हणतील, वा. आता बघतील बोटांकडं. तर म्हणले, 'हे करिष्मानं शिकवलं का तुला?' — अन् मावशी, तोंड असं उजळलं त्यांचं ते नाव घेताना. एवढं मी केलं, अन् उजेड तिच्या नावाचा.

मग गेली ती. पुण्याला नोकरी लागली, दिवाळीच्या आदी गेली. माझ्या पाया पडली, ही सीडी मला देऊन गेली, म्हणली, 'वैनी, सोडू नका हे.' तिची पेटी ह्यांनी स्टँडपर्यंत नेली. स्वतःच्या खांद्यावर. घरात गॅसची टाकी संपली तर शेजाऱ्याला हाका मारायला लावतेत मला, कंबर दुखती म्हणून. पेटीला कंबर दुखली न्हाई. बस लागून गेली तरी येईनात — मी इथं बसून रस्त्याकडं बघतेय. आले ते संध्याकाळी, अन् सरळ पलीकडं गेले, मशिनी न लावताच बसले.

अन् त्या आठवड्यातच... बघा ना, मला आत्ताच बोलता बोलता... त्या आठवड्यातच ह्यांनी पलीकडच्या सगळ्या मशिनींवरचं लिनक्स काढलं. सगळ्या. परत विंडोज टाकलं. मी म्हणलं, कावून हो, आता तर व्हायरस बंद झालता? म्हणले, पोरांना अवघड जातंय. पोरांना! पोरं तर खुश होती, मला येऊन इचारायची. मला वाटलतं, तिची आठवण नको म्हणून काढलं असंल. तेबी मी गिळलं असतं. पण तसं न्हाई मावशी. ह्यांना लिनक्स कधी नकोच होतं. शिकायचंच नव्हतं. मी मात्र शिकत बसले. मला वाटलं, हे ज्या वाटेनं चाललेत त्या वाटेनं आपणबी जावं, तिथं गाठ पडंल. मी पोचले तिथं, अन् बघते तर तिथं कोणीच न्हाई.

न्हाई, डोळ्यात कचरा गेलाय. ह्या रस्त्याला धुरळाच असला हाय, मोठाल्या गाड्या जातेत. तुमी नावं ऐका. निमंत्रक — मोहनराव, भागवत, त्रिंबक... त्रिंबक मोठे का भागवत? मग त्यांचं आदी घेऊ. आज सकाळी काय म्हणले माहीत हाय? चहा पिता पिता म्हणले, 'तुझ्या मशिनीवरचंबी काढून टाकतो आज. आता कशाला पायजे ते?' आता. आता म्हणले. मी कपबशी उचलून आत गेले.

हे आले वाटतं. स्कूटर त्यांचीच. — या. गिऱ्हाईक हाय, कार्डाचं. हो, होत आलंय. कोणती सीडी? विंडोजची? ठेवा तिकडं, टेबलावर. न्हाई, टेबलावर ठेवा. न्हाई म्हणतेय ना मी. बाजूला नका सरकवू मला, मी उठत न्हाई. ह्या मशिनीला हात लावायचा न्हाई तुमी. — लागतंय मला. काम हाय माझं त्याच्यात. न्हाई, तिनं सांगितलं म्हणून न्हाई. — मग तुमी सांगा ना. तुमीच सांगा. इतके दिवस रोज बसलात शिकायला, अन् ती गेली की नको झालं, ते कावून?

सांगा ना. ऐकायलेय मी.

...मावशी, तुमी निघा आता. कार्ड परवा मिळंल.