पान सदतीसवरची चूक

अध्यक्षस्थानी असलेल्या प्राचार्य बाई, मंचावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आज आपण जमलो आहोत ते आमचे सर, सरांचं भाषण किती लांबतंय याकडे पहिल्या रांगेतून लक्ष ठेवणाऱ्या काकू, प्रयोगशाळेतले मामा, आणि मघाशी माझं नाव टाळून नुसतंच 'यानंतरचे वक्ते' म्हणालेल्या सूत्रसंचालक बाई,

माझं आयुष्य बदललं ते चार वर्षांपूर्वी, याच सभागृहात, तोंडी परीक्षेच्या दिवशी, सकाळी सव्वाअकराला. सरांनी दोन जर्नलं शेजारीशेजारी उघडली आणि विचारलं, "यातली मूळ प्रत कोणती?"

नव्या मुलांना सांगतो, मी तो फाटकाबाहेरचा झेरॉक्सवाला. सूक्ष्मजीवशास्त्र दुसऱ्या वर्षात सोडलं. सर म्हणतात, "सोडलं कुठे? नकलांचाच धंदा करतोस की!"

नक्कल म्हटलं की मला सरांचं जाकीट आठवतं. त्याची चेन उघडून ते डीएनए शिकवायचे. दोन बाजू सुट्या होतात, प्रत्येक जुन्या बाजूसमोर नवी विणली जाते, म्हणून प्रत्येक प्रतीत निम्मं जुनं, निम्मं नवं. एकदा चेन मधेच अडकली आणि सरांनी उरलेला तास अर्धवट नक्कल झालेल्या अवस्थेत घेतला. काकू हसतायत, म्हणजे ती चेन कुणी दुरुस्त केली ते कळलं!

सर सांगायचे, नक्कल करणारं एन्झाइम आंधळं नसतं. अक्षर चुकलं की एक पाऊल मागे येतं, चुकीचं काढतं, बरोबर बसवतं. "मागे वळून बघा रे!"

मी एन्झाइम नव्हतो. मी प्रेमात होतो.

वर्गातल्या एका मुलीचं जर्नल मी घरी न्यायचो. अभ्यासासाठी नव्हे हो, तिचं अक्षर रात्रभर घरात राहावं म्हणून! एकशे बारा पानं जशीच्या तशी उतरवली. पान सदतीसवर तिनं आरएनएच्या साखळीत युरॅसिलच्या जागी डीएनएतलं थायमिन लिहिलं होतं. सात ठिकाणी. ती चूकही मी भक्तिभावानं उतरवली.

तर सरांनी विचारलं, मूळ कोणती? मला वाटलं, आता हिची चूक पकडली जाणार. माझं डोकं तापलं. छाती पुढे काढून म्हणालो, "मूळ माझी, सर! चूक माझी! हिनं माझ्यावरून उतरवलंय!"

आहे की नाही शहाणपणा? चुकीला जात होता अर्धा गुण. नकलेची शिक्षा होती अख्खं जर्नल पुन्हा लिहायची. मी तिला अर्ध्या गुणातून वाचवलं आणि एकशे बारा पानांत ढकललं.

ती म्हणाली, "मी? याच्यावरून? 'आरएनए' या नावात इंग्रजी अक्षरं तीन, तीही यानं माझ्याकडून घेतलीत!"

सगळे हसले. मी "ठेवा तुमचं कॉलेज तुमच्यापाशी!" म्हणून असं दार आपटलं की काच तडकली. मामांनी लावलेली चिकटपट्टी अजून तिथेच आहे.

चिठ्ठी आलीय. 'दोन मिनिटांत आटपा.' सूत्रसंचालक बाई, सही नसती तरी चाललं असतं. हे अक्षर मी एकशे बारा पानं गिरवलंय.

आटपतो. डीएनएला जोडीदार असतो, आरएनए एकेरी. मग तो बिचारा स्वतःवरच वळतो, आपल्याच अक्षरांशी आपली अक्षरं जुळवतो, केसांच्या आकड्यासारखा दुमडून बसतो. चार वर्षं दुकानात मी दुसरं काय केलं? तिची वाक्यंही मीच बोलायचो, आणि भांडणात तरीही मीच हरायचो.

गेल्या आठवड्यात सर आजच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेच्या प्रती काढायला आले. म्हणाले, "बोलशील ना? मागे वळून बघ." म्हणून सर्वांदेखत दुरुस्ती करतो. मूळ प्रत तिची होती. नक्कल मी केली. तिनं कुणाचंही काही उतरवलेलं नाही.

काय म्हणालात, सर? मागच्यांना ऐकू गेलं नाही. सर म्हणतायत, "गाढवा, पहिल्या पानावर तू तिचा हजेरी क्रमांकसुद्धा उतरवला होतास!" मग तिला शिक्षा का दिलीत? "सात चुका तिच्या तिला सापडायला नकोत?"

म्हणजे माझं खोटं तेव्हाच उघडं पडलं होतं. ते लागलं फक्त एका माणसाला, आणि ते माणूस आत्ता कागदांत तोंड घालून बसलंय.

सर, तुम्ही मला पदवी देऊ शकला नाहीत, पण मागे वळायला शिकवलंत. तुमचे आणि सभेचे आभार. शेवटी 'चूकभूल द्यावी घ्यावी' म्हणायची रीत आहे. पण हिशेब सरळ आहे, बाई. चूक तुमची होती, भूल मला पडली होती. ती अजून उतरलेली नाही. तेवढं माफ करा.

दुकान उघडं टाकून आलोय, निघतो. मामा, घाबरू नका, या वेळी दार आपटत नाही. हळूच लावून घेतो. कडी मात्र घालत नाही.