पाच सिनेमे, मध्यंतरापर्यंत

—हलू नका हो ताई, हात खाली सोडा, असे, आणि हसू नका, हसलं की कोटाचा घेर वर जातो आणि मग खालची पट्टी वाकडी येते — तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही विचारलंत? मघापासून भिंतीवरच्या त्या कागदाकडे बघताय ना, मग तेच विचारणं झालं. ती माझी यादी आहे. या वर्षातले माझे आवडते पाच सिनेमे. दर वर्षाच्या शेवटच्या दिवशी लिहिते. सिनेमांची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मीच ठेवते — पाचवा, बहिणींचं भांडण. चौथा, हत्ती हरवतो तो. तिसरा, बोटीवरचा स्वयंपाकी — त्यात काम काय सुंदर केलंय त्या माणसानं, पण ताई, सदऱ्याची कॉलर एका दृश्यात गोल आणि पुढच्यात टोकदार, मी तर थेटरातच 'अरे!' म्हणून ओरडले. दुसरा, बँड वाजवणारा बाप. आणि पहिला, दीपगृह. दीपगृहासारखा सिनेमा दहा वर्षांत झाला नाही, माझं ऐका. जरा डावीकडे वळा.

आता गंमत सांगू? यातला एकही मी पुरता पाहिलेला नाही. पाचही मध्यंतरापर्यंत. का म्हणजे? दुकान कोण बघणार? थेटर हे काय, रस्ता ओलांडला की आलं, पण दुपारी तीन तास कुलूप लावलं की गिऱ्हाईक कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जातं, आणि तो माणूस गुंड्या कच्च्या दोऱ्यानं लावतो. तर शेजारी ते घड्याळवाले आहेत ना — त्यांनाही तीच अडचण. तीन वर्षांपूर्वी मीच म्हटलं, घड्याळवाले, आपण एकच तिकीट काढू. मंगळवारी बाराचा खेळ. मध्यंतरापर्यंत मी, मध्यंतरानंतर तुम्ही. एक आत असेल तेव्हा दुसऱ्यानं दोन्ही दुकानं सांभाळायची. थेटरच्या दारावरचे काका हो म्हणाले, त्यांची पँट दर वर्षी कमरेत मीच सैल करते, ते कुठे नाही म्हणणार? त्यामुळे मला आता घड्याळाचा सेल बदलता येतो, आणि घड्याळवाल्यांना तुरपाई येते. बरी येते. ही तुमची नाही हो, घाबरू नका, ही मीच घालतेय.

तर मध्यंतर झालं की मी धावत बाहेर, ते पायऱ्यांवर उभे. मग पाच मिनिटांत सव्वा तासाचा सिनेमा सांगायचा — कोण कोणाचा कोण, कोण रुसलंय, कुणी काय घातलं होतं. मी अशी हातवारे करून सांगते, लोक थांबून बघतात. आणि ते? ते ऐकतात. ताई, असं ऐकणारा माणूस मी पाहिला नाही. घड्याळ कानाला लावून ऐकतात ना, तसं. मग तिकिटाचा तुकडा घेऊन ते आत जाणार आणि मी दुकानात. आणि संध्याकाळी शटर ओढता ओढता ते मला पुढचं सांगणार. एरवी तोंडातून शब्द काढत नाहीत, पण शेवट सांगायला लागले की काय सांगतात! दीपगृहाचा शेवट ऐकून मी शटर अर्धं तसंच सोडून रडले होते. त्या दीपगृहाच्या म्हाताऱ्याची बायको रागानं निघून गेलेली असते ना, ती धुक्यात बोटीनं परत येते, आणि बोटीचा भोंगा तीनदा वाजतो, आणि हा म्हातारा अनवाणी जिना उतरतो, एकशे बारा पायऱ्या. एकशे बारा! आकडासुद्धा सांगितला त्यांनी.

आणि मग माझी भाची आली. गेल्या महिन्यात. तिनं दीपगृह पाहिलेला, आख्खा. म्हणाली, मावशी, ती परत येतच नाही. मी म्हटलं, येते. ती म्हणाली, नाही येत, तो दिवा विझवतो आणि संपतो सिनेमा. मी म्हटलं, तुला झोप लागली असेल. अशी तावातावानं भांडले की काही विचारू नका — मी, जिनं शेवट पाहिलेलाच नाही! भाची म्हणते कशी, मावशी, तू अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालीयेस. मग मी तिला हत्तीचा विचारला. हत्ती सापडतो ना गं? नाही म्हणे, सापडत नाही. बहिणी? त्या शेवटपर्यंत बोलत नाहीत. स्वयंपाकी? बँडवाला? सगळं तेच, ताई. जो गेला तो गेला.

दुसऱ्या दिवशी गेले तडक दारावरच्या काकांकडे. म्हटलं खरं सांगा, घड्याळवाले आत झोपतात का? काका कसनुसे हसले. म्हणाले, बाई, ते आत जातात कुठे? पहिल्या मंगळवारी गेले होते, दहा मिनिटांत कान दाबून बाहेर आले. आवाज सोसत नाही त्यांना. तेव्हापासून मधल्या दालनातल्या बाकावर बसतात, लाह्यांच्या यंत्राशेजारी, भिंतीवरच्या चित्रांकडे बघत. सुटायची वेळ झाली की उठतात. — तीन वर्षं! दर मंगळवारी सव्वा तास हा माणूस बाकावर बसून मला शेवट जमवून देत होता.

आधी मला असा राग आला, असा राग, की त्यांच्या दुकानात दोन दिवस पाऊल ठेवलं नाही. ते विचारतात, काही चुकलं का? मी म्हटलं, डोकं दुखतंय. आणि मग मशिनवर बसल्या बसल्या लक्षात आलं — त्यांच्या सगळ्या सिनेमांत गेलेलं माणूस परत येतं. हत्ती, बहीण, बाप, सगळे. एकही सुटला नाही. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय — सांगते. माझा नवरा बारा वर्षांपूर्वी गेला. नाही हो, वर नाही, गेला म्हणजे सुटकेस घेऊन गेला. या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही एवढंच. तर घड्याळवाल्यांना वाटलं असणार, हिला बरं वाटेल. आणि मला तो कुठे हवाय परत? आला तर माप घ्यायलासुद्धा उभा करणार नाही! मला शेवट आवडायचे ते कुणी परत येतं म्हणून नाही हो. मला ते आवडायचे कारण — खांदा सरळ ठेवा. टोचली का टाचणी? थांबा, काढते.

बरं, तर ती डबी दिसतेय, खडूंची? तिच्यात त्यांची यादी आहे. दर वर्षी या दिवशी सकाळी आम्ही याद्या बदलतो — माझी एक नक्कल भिंतीवर राहते — आणि संध्याकाळी उघडतो. या वर्षी देताना म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबू नका, अडीचलाच उघडा. आता वाजले किती? तीनला वीस कमी. हो, मला माहीत आहे. म्हणून तर तुमच्या कोटाची पट्टी तिसऱ्यांदा मोजतेय. कारण त्यात यंदाही पाच सिनेमे असले, अमक्याचा शेवट बहारदार, तमक्याचा उत्तरार्ध जरा लांबला — तर मला कळेल की हा माणूस मला असंच खुळ्यात काढणार, आणि मग मंगळवार बंद. मी ठरवलंय. मी मात्र दीपगृह पहिलाच ठेवला, सगळं माहीत असून. मला खोटं लिहिता येईना. उघडू? तुम्ही म्हणता तर उघडते.

बघा, घड्याळाच्या पावतीच्या पाठीवर लिहिलंय, आठ घड्या घातल्यात. अक्षर बघा, मुंगीच्या पायासारखं. 'एक. तुम्ही पायऱ्यांवर सांगितलेलं दीपगृह. दोन. तुम्ही पायऱ्यांवर सांगितलेला हत्ती, तुम्ही सोंड करून दाखवलीत तो. तीन, चार, पाच, तुम्ही सांगितलेले बाकीचे. यांचे शेवट मला माहीत नाहीत. मी आत जात नव्हतो. आवाजानं माझा कान दुखतो. हे पहिल्याच मंगळवारी सांगायला हवं होतं, पण मग तुम्ही मला सिनेमा सांगणं बंद केलं असतं. शेवट मी जुळवले, ते खोटे. यादी खरी आहे. आज तीनच्या खेळाची दोन तिकिटं काढली आहेत. कानात कापूस घालून शेजारी बसेन. शेवट असेल तसा असू दे.'

...

नाही, काही नाही. डोळ्यात दोऱ्याचं कुसळ गेलं. — ऐकलात हा आवाज? शेजारचं शटर. भर दुपारी! तीन वर्षांत कधी — काचेतून बघा, बघा, उभे आहेत रस्त्यावर, इस्त्रीचा शर्ट, आणि कापूस आत्ताच कोंबलाय कानांत, आता हाक मारली तर ऐकू येणार आहे का यांना? — उतरा, ताई, स्टुलावरून उतरा. टाचण्या राहू देत, कोट जपून काढा. परवा घालायचाय ना? उद्या दुपारी या, तयार असेल. हो, अर्धाच झालाय, दिसतंय मला. तुम्ही निघा आता, मला कुलूप लावायचंय.