दोन माणसांचं भरीत

नाही पण तुम्हीच सांगा, दोन माणसांना लागतं किती हो? एक तवा, एक पातेलं, दोन ताटल्या, संपला विषय! पण आमच्याकडं विषय असा संपत नसतो... आमच्याकडं विषयाला फोडणी बसते!

तुम्हाला सांगतो, शेती पोराच्या ताब्यात दिली आणि मी एक जुनी व्हॅन घेतली. शाळेच्या पोरांना नेणारी होती ती. आतल्या सीटा काढल्या, सुताराकडून झोपायला फळी बसवली, कोपऱ्यात एवढासा ओटा केला, म्हटलं आता यातच राहायचं, यातच रांधायचं आणि देश बघायचा. झालं, आमच्या कोरीट गावात बोंबाबोंब! ‘नवनीतले घर शे, वावर शे, मंग हाऊ डब्बामा कसाले ऱ्हास?’ आता खरं कारण कोणाला सांगायचं? तुम्हाला सांगतो, हसू नका. लग्न झाल्यापासून आमच्या दीपमालाबाई माझ्यासोबत गरम भाकरी खायला बसलेल्या नाहीत. आधी सासू-सासरे, मग दीर, मग पोरं, मग सालदार, आणि पाहुणे तर बारमाही... ही आपली सगळ्यांना गरम वाढणार आणि शेवटी गार झालेलं एकटीच खाणार. मला एकदा, एकदाच हो, तिला समोर बसवून गरम भाकरी खाताना बघायचं होतं. म्हणून व्हॅन! माणसं किती? दोन. फक्त दोन!

मग निघालो नंदुरबारला भांडी घ्यायला. दुकानदार काय बोलतो म्हणता! ‘काका, हा सेट बघा, एकात एक, एकात एक, सगळं बसतं, जागा एका पातेल्याची.’ म्हटलं, भाऊ, आमच्या अख्ख्या भाऊबंदकीत असं कोणी एकमेकांत बसलेलं मी पाहिलं नाही, दे! घडीची शेगडी घेतली. दांडा निघणारा तवा घेतला. आणि एक रबरी टोपलं, दाबलं की चपटं होतं, ओढलं की उभं राहतं... मी दुकानातच दाबत-ओढत बसलो, मागं गिऱ्हाइकांची रांग! तेवढ्यात सुरतेहून रंजिताचा, म्हणजे आमच्या लेकीचा, व्हिडिओ कॉल. ‘पप्पा, कमीत कमी सामान ठेवा हं! एक वस्तू अशी घ्या की ती तीन कामं करेल.’ मी म्हटलं, बेटा, तशी वस्तू घरात आहे, तुझी आई! आता हे आईला ऐकवायची काही गरज होती का पोरीला? पण तिनं ऐकवलं. संध्याकाळचा चहा आला नाही मला.

घरी सामान मांडलं तर बाईसाहेबांनी तवा उचलला, उलटा केला, सुलटा केला. ‘ओ रंजिताना पप्पा, हाऊ तवा शे का आरसा? येनावर भाकर टाकू का कुकू दखू?’ बरं, चुकीचं काही नव्हतं हो! आमच्या हिची भाकरी त्या तव्यावर टाकली तर चारी बाजूंनी लोंबायला लागली. मी म्हटलं, भाकरी लहान कर. काय नजरेनं बघितलं माझ्याकडं... जणू मी तिला माहेर लहान कर म्हणालो! मग म्हणाली, ‘आनि बडगी कठे शे?’

बडगी म्हणजे आमच्याकडचं भरीत ठेचायचं लाकडी भांडं. लांबलचक, जड, सोबत मुसळ. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची आणि त्यात ठेचायची, बाकी कशात ठेचलं तर त्याला आमच्याकडं भरीत म्हणत नाहीत, आजाऱ्याचं जेवण म्हणतात. मी म्हटलं, बडगी येणार नाही! ‘आनि कोनी उनं ते? त्यासले काय ह्या वाटकीमा देऊ?’ अगं कोण येणार? माणसं किती? दोन! ती गप्प बसली. तुम्हाला सांगतो, आमची ही गप्प बसली ना की माणसानं तिथंच सावध व्हावं. मी नाही झालो.

निघालो. पहिल्या मुक्कामाला पाठीत काहीतरी असं टोचतंय, असं टोचतंय... मी सुताराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ही म्हणते, ‘फळी फुगी गई व्हई.’ फुगली असेल! म्हटलं, जाऊ दे.

आणि मग मी, या नवनीतनं, काय अक्कल चालवली? म्हटलं तापीकाठी गाडी लावू, निवांत जागा, एकांत. कुठं? सारंगखेड्याला. केव्हा? घोड्यांची यात्रा भरलेली असताना! अहो, यात्रेत आपल्याला नात्यातलं कोणी भेटणार नाही असं समजणारा अख्ख्या जिल्ह्यात मी एकटाच!

दुपारची वेळ. घडीची शेगडी पेटली. पहिली भाकरी उतरली, चारी बाजूंनी लोंबणारी. मी हात धरून हिला समोर बसवलं. दोन ताटल्या. वाफ येतेय... हिनं घास मोडला, तोंडापर्यंत नेला...

‘ओ दाजी!’

झिपरू! हिचा सख्खा भाऊ! ‘दूरथीन वळखी लिधी, हाई ते आपलीच गाडी! जेवन व्हयनं का?’ मागं त्याची बायको, पोरं, दोन व्याही, आणि नुकताच घेतलेला घोडा. खांद्यावर वांग्यांचं पोतं! घोडा घ्यायला निघालेला माणूस वांगी कशाला आणतो हो? मी कपाळावर हात मारला. म्हटलं, आता तरी कळेल बाईला, गाडीत भांडीच नाहीत... तर ही उठली, माझी गादी उचलली, फळी सरकवली आणि खालून काढली बडगी! मुसळासकट! मागून परात! त्यामागून पिठाची गोणी! मी रात्रभर कशावर झोपलो होतो ते मला भर दुपारी कळलं.

मग काय, काड्या पेटल्या, घोडेवाल्यांच्या चुलीवरचा मोठा तवा आला, भाकऱ्या पडायला लागल्या, शेजारच्या तंबूतले चार जण वासानं आले ते बसलेच. आणि माझं सामान? एका ताटलीत मीठ, एकीत मिरच्या. रबरी टोपल्यात घोडा पाणी प्यायला, आवडलं त्याला, चावून बघितलं. ही आपली वाढतेय, वाढतेय... हिचा तो घास तसाच पडलेला. खरं सांगतो, मला राग नाही आला, वाईट वाटलं.

सगळे जेवले. झिपरू आडवा झाला. कुठं? माझ्या फळीवर! आता बडगी निघाली होती ना, सपाट झाली होती फळी... घोरायला लागला. बाहेर आम्ही. परातीत पिठाचा एक एवढासा गोळा उरला होता. हिनं तो थापला, आणि तो त्या माझ्या आरशाएवढ्या तव्यावर बरोबर बसला हो! बरोबर! अर्धी तिनं घेतली, अर्धी मला दिली, बडगीच्या तळाशी लागलेलं भरीत पुसून पुसून आम्ही दोघांनी खाल्लं. गरम गरम. मी तिच्याकडं बघतोय, ती फुंकर मारतेय... माझे डोळे भरले, मिरची होती म्हणून सांगितलं.

म्हणाली, ‘आते कठे जावानं?’

मी म्हटलं, कारवार! लांब! तिथं आपल्याला कुत्रं ओळखत नाही. माणसं किती? दोन!

‘कारवारले? मंग बरं व्हयनं! तठे झिपरूना साडूना पोऱ्या नोकरीले शे. मी फोन करी देस. वांगा आठूनच लई लेऊत.’

वांगी म्हणे इथूनच न्यायची! उठलो. झिपरूला उठवलं, बडगी धुतली, पुसली आणि फळीखाली सरकवली. मीच. माझ्या बाजूला... तिच्या पाठीला टोचायला नको.